पंचवीस भोकांचा कॉम्प्युटर

सर,

गेल्या महिन्यात एका रविवारी तुमचा कॉम्प्युटर वीस सेकंदांत बोलायला लागला. मी भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजलं, आणि विश्वास बसेना म्हणून बंद करून परत चालू केला, असं पाच वेळा केलं. तुमच्या वेळी तो बोलायला लागेपर्यंत चहा व्हायचा. तुम्ही बटण दाबायचात, मी कोपऱ्यातल्या शेगडीवर आधण ठेवायचे, चहा उकळायचा, गाळून व्हायचा, तुमचा अर्धा कप संपायचा, आणि मग पडद्यावरचं वाचून दाखवणारी ती नाकात इंग्रजी बोलणारी बाई स्पीकरमधून एकदाची उठायची. "आली बया," म्हणत तुम्ही कप बाजूला ठेवायचात. तेव्हा ते हळू चाललंय असं आपल्याला वाटतही नव्हतं. कॉम्प्युटर असाच उठतो, असं आपण धरून चाललो होतो.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं खूप घडलं, पण कागद घेऊन बसावं असं कधी वाटलं नाही. हे मात्र दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "डिस्क बदललीस, बरं झालं," आणि पेपर वाचायला लागला. त्याची चूक नाही. ती डिस्क कशाची होती आणि कोणासाठी बदलली, हे समजायला परळच्या त्या बेकरीवरच्या खोलीत निदान एक वर्ष तरी काढलेलं असायला हवं.

मी त्या खोलीचा जिना पहिल्यांदा चढले तेव्हा चोवीस वर्षांची होते. लालबागच्या चाळीत राहणारी, वडील गिरणीतून घरी बसलेले, हातात टायपिंगचं सर्टिफिकेट. 'अंधांच्या वाचनालयात टायपिस्ट पाहिजे' एवढंच ऐकून आले होते. मला वाटलं होतं, आत सगळं उदास असेल. दार ढकललं तर आत तुम्ही आणि आणखी दोघं कसल्याशा चुटक्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. खालून पावाचा वास येत होता, भिंतीला लागून ब्रेलची जाडजूड पुस्तकं होती आणि खिडकीजवळ ते परदेशातून कोणीतरी देऊन टाकलेलं ब्रेल छापायचं मशीन. कागदावर ठिपके ठोकताना ते इतका आवाज करायचं, की त्याला सगळे 'हातोडा' म्हणायचे. तुम्ही माझी परीक्षाबिरीक्षा काही घेतली नाहीत. "काय गो, वाचतेस कशी?" असं विचारलंत आणि हातात त्या दिवशीचा पेपर दिलात. मी दोन बातम्या वाचल्या. "घाई करतेस. पण खोटा गळा काढत नाहीस. ये उद्यापासून," एवढं म्हणालात, झालं.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला झापलंत तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. खुर्च्या विणणारे एक गृहस्थ यायचे. त्यांना एका ऑफिसातून पत्र आलं होतं, नोकरीच्या अर्जाचं. ते पत्र हातात धरून समोर बसलेत, चेहरा आशेने वर केलेला, आणि मी पत्र उघडते तर त्यात सरळ नकार. माझी जीभ रेटेना. मी वाचलं, "आपल्या अर्जाचा विचार पुढे करण्यात येईल." तुम्ही पलीकडच्या टेबलावर काहीतरी करत होता. हात थांबला तुमचा. म्हणालात, "परत वाच. आता कागदावर आहे तसं." त्या माणसासमोर. मी रडायच्या बेतात, पण वाचलं. ते गृहस्थ शांतपणे "बरं" म्हणाले, पत्राची घडी केली आणि दुसरीकडे अर्ज करायचा म्हणून तिथेच माझ्याकडून टाइप करून घेतला. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "पत्र त्याला आलं होतं, तुला नाही. रडायचं का हसायचं ते तो ठरवेल ना. तू मध्ये कोण?" दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. पण त्यानंतर कोणाचंही पत्र वाचताना एक अक्षर गाळलं नाही.

कॉम्प्युटर घ्यायला आपण लॅमिंग्टन रोडला गेलो ती सकाळ तर मी कितीजणांना सांगितली असेल. तुम्ही रिटायरमेंटनंतरच्या आपल्या पैशातून घेणार होता, म्हणून सगळं तुमच्या मनासारखं. दुकानदाराने एक मशीन चालू केलं, तसे तुम्ही वाकलात आणि कॅबिनेटला कान लावलात. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. "पंखा घासतोय. दुसरा दाखव." दुसऱ्याच्या डिस्कचा आवाज तुम्हाला पसंत पडला नाही. तिसऱ्याला कान लावून तुम्ही बराच वेळ उभे, जसा डॉक्टर पेशंटच्या पाठीवर नळी ठेवून उभा राहतो. मग मान हलवलीत. दुकानदाराला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तुम्ही मशीन फिरवून मागच्या बाजूला बोटं घातलीत आणि मोजायला लागलात. मोजून झाल्यावर म्हणालात, "इसमें लंबावाला पोर्ट नहीं है. पच्चीस छेदवाला. वो मंगता है." तो म्हणाला, "अंकल, वो तो पुराना हो गया. अभी सब यूएसबी आता है." "पुराना है तो क्या हुआ? मेरा छापनेवाला भी पुराना है. मैं भी." शेवटी त्याने माळ्यावरून एक पेटी काढली, धूळ झटकली आणि ज्या बोर्डावर तो लांबट पोर्ट होता तो आपल्यासाठी बसवून दिला. तुम्ही पंचवीसच्या पंचवीस भोकं बोटाने मोजलीत आणि मगच टॅक्सी बोलवायला सांगितलंत. टॅक्सीत कॅबिनेट मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हटलं, "सर, डिकीत ठेवू या." म्हणालात, "लेकरू काय डिकीत ठेवतात गो?"

त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही त्याच्यासमोरून उठला नाहीत. शाळेच्या पोरांसाठी धडे, प्रश्नपत्रिका, गाण्यांच्या वह्या, बसचे नंबर, काय काय त्यात घातलंत. नाताळच्या आदल्या दिवशी मला भायखळ्याला तुमच्या घरी बोलावलंत, ते एका फाईलसाठीच. मला वाटलं फराळाला बोलावलंय. स्वयंपाकघर एवढंसं, आंटी मुठीतून पीठ दाबून फुग्यांचे, त्या नाताळच्या तळलेल्या पावांचे, गोळे तेलात सोडतायत आणि तुम्ही शेगडीशेजारी स्टुलावर बसून ऐकताय. "काढ आता," तुम्ही म्हणताय आणि आंटी काढतायत, आणि प्रत्येक वेळी फुगा बरोबर तांबूस. मला हातात वही देऊन बसवलंत, कारण वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायच्या आंटींच्या बाटली मसाल्याची कृती तुम्हाला ब्रेलमध्ये हवी होती आणि आंटी माप सांगायला तयार नव्हत्या. "अंदाजाने घालते मी," त्या म्हणत होत्या. "अंदाज छापता येत नाही," तुम्ही म्हणत होता. त्यावर आंटींनी तुम्हाला झारा दाखवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की तुम्हाला तो दिसत नाही, तेव्हा त्यांनी तो शेगडीच्या कडेवर आपटून ऐकवला. आपण तिघंही किती हसलो. तुम्ही नंतर ती कृती कॉम्प्युटरवर चढवलीत, त्यात एक ओळ अशी होती: हळद, बायको सांगेल तेवढी.

तुम्ही गेलात आणि तुमच्या खुर्चीवर मी बसायला लागले. पहिली काही वर्षं मशीन नीट चाललं. मग ते मंदावत गेलं. गेल्या वर्षभरात तर सकाळी बटण दाबून मी झाडलोट करायचे, पुस्तकं जागेवर लावायचे, खाली जाऊन पाव घेऊन यायचे, तरी बाई उठलेली नसायची. मध्येच आतून खट् खट् असा आवाज यायचा. एक फाईल उघडायला सांगितली की बया तोंड मिटून बसायची, आणि समोर बसलेला माणूस बिचारा ऐकत राहायचा, आता बोलेल, मग बोलेल. फायली सीडीवर घालून ठेवल्या होत्या, पण त्यातल्या निम्म्या सीडी आता उघडत नव्हत्या. तुमचं सगळं काम एका खट् खट् करणाऱ्या डब्यात होतं, हे मला माहीत होतं आणि मी त्याबद्दल काहीच करत नव्हते. घाबरत होते, दुसरं काय.

आपले आताचे सेक्रेटरी गिरगावातले आहेत, रिटायर्ड, मनाने चांगले. एका मंगळवारी ते जिना चढून आले, दम खाल्ला आणि म्हणाले, "अहो बाई, हे धूड आता किती दिवस सांभाळायचं? एक देणगीदार नवाकोरा लॅपटॉप देतायत. हे दोन्ही भंगारात देऊन टाकू. सोमवारी माणूस येतोय न्यायला."

"दोन्ही म्हणजे? हातोडापण?"

"तो चालवणार कशावर? लॅपटॉपला त्याची ती लांबट तोंडाची केबल बसत नाही, मी विचारून आलोय. आणि बाई, खरं सांगा, ब्रेल आता वाचतंय कोण? सगळे मोबाईलवर ऐकतात."

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. हातोडा बंद होऊन चार महिने झाले होते आणि कोणी त्याची चौकशीही केली नव्हती. मी मान हलवली. सर, मी चक्क मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी ती आली. तुमची वडाळ्याची विद्यार्थिनी, दोन वेण्या घालून यायची आणि सगळ्यांच्या आधी धडा संपवून दुसऱ्यांना त्रास द्यायची, ती. आता त्रेचाळीस वर्षांची आहे, एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. काठी दाराशी टेकवून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, मी लग्न करतेय." मी उठून तिला मिठीच मारली. मुलगा भायखळ्याचा, फिजिओथेरपिस्ट, त्यालाही दिसत नाही. आणि हे लग्न जमवणारी कोण, तर मी! तीन वर्षांपूर्वी त्या दोघांनी ब्रेलमधलं एकच पुस्तक मागितलं होतं, प्रत एकच, तर मी म्हटलं होतं, "तुम्ही दोघं आपसात ठरवा, एक आठवडा याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे." ते पुस्तक परत आलंच नाही, हे माझ्या आता लक्षात आलं.

"मला पत्रिका छापायच्यात," ती म्हणाली. "साठ. ब्रेलमध्ये. पुढच्या शनिवारपर्यंत."

मी सेक्रेटरींचं म्हणणं तिला सांगितलं. हातोडा बंद आहे, कॉम्प्युटर उठत नाही, सोमवारी दोन्ही जाणार आहेत. व्हॉट्सअॅपवर पाठव, प्रत्येकाचा फोन वाचून दाखवेल, असंही म्हटलं.

ती म्हणाली, "ताई, आजपर्यंत घरी ढिगाने पत्रिका आल्या. एकही मी वाचली नाही. कोणीतरी वाचून दाखवली. वर गणपती आहे, सोनेरी अक्षरं आहेत, कागद भारी आहे, असं सांगितलं. मी कागदावरून हात फिरवायचे, सगळा गुळगुळीत. माझ्या लग्नाची तरी माझ्या माणसांनी स्वतःच्या हाताने वाचावी ना?"

मग मात्र मी पर्स उचलली. खिडकी लावली आणि दुपारच्या उन्हात लॅमिंग्टन रोड गाठला. तेच दुकान सापडलं नाही, पण त्याच रांगेत एक पांढऱ्या केसांचा दुकानदार भेटला. मी मशीनचं वय सांगितलं, खट् खट् आवाज तोंडाने काढून दाखवला. तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, बोर्ड ठीक है तो मशीन ठीक है. आपकी डिस्क थक गई है, बस." त्याने काचेखालून एक चपटी वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. पत्त्यांच्या कॅटापेक्षा पातळ, आणि वजन म्हणावं तर नाहीच. त्याला एसएसडी म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि एक सुई तिच्यावर माहिती शोधत पळते, म्हणून वेळ लागतो आणि म्हणून आवाज. ह्याच्यात फिरणारं काहीच नाही. आधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल ह्याच्यावर उतरवायची आणि मग जुनी काढून ही बसवायची, एवढंच काम. त्याने एक केबल दिली, नक्कल करायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून दिला आणि काय काय अडेल ते बिलाच्या मागे लिहून दिलं. मी विचारलं, "मुझसे होगा?" त्याने माझा चष्मा, माझी पर्स, माझं वय, सगळं बघून घेतलं. "होगा. बस, बीच में बंद मत करना."

रविवारी सकाळी दहाला मी खोली उघडली. ती माझ्याआधी येऊन जिन्यात बसली होती. "लग्न माझं आहे, तुम्ही एकट्या का राबाल?" मी केबल जोडली, प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर आकडा सरकायला लागला, एक टक्का, दोन टक्के. ती कॅबिनेटवर हात ठेवून बसली, अगदी तुम्ही बसायचात तशी, आणि मी तिला दर थोड्या वेळाने आकडा वाचून दाखवत होते. तीस. चाळीस. आम्ही पाव खाल्ले, तिच्या सासरच्या गोष्टी झाल्या, होणाऱ्या नवऱ्याला चहा करता येतो का याची चौकशी झाली. एकसष्टवर आकडा थांबला.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतून नुसतं खट् खट्, खट् खट्. माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या फायली एकेक करून जात होत्या. वीस मिनिटांनी मी बटणाकडे हात नेला. म्हटलं, बंद करून परत पहिल्यापासून करू.

"ताई, हात लावू नका," ती म्हणाली. तिला कसं कळलं, देव जाणे, माझी खुर्ची करकरली असेल. "अडकलेली नाही ती. ऐका ना. खट् खट्, मग थांबते, मग सर्र करून मागे जाते, परत खट् खट्. एकाच जागी परत परत वाचायला बघतेय. लागत नाहीये तिला. द्या वेळ."

मी हात मागे घेतला. मला नुसताच गोंगाट ऐकू येत होता, तिला त्यात मागे-पुढे, वर-खाली सगळं कळत होतं. "आत्ता पुढे गेली," ती एकदम म्हणाली, आणि मी पडद्यावर बघते तो बासष्ट. सर, मी टाळ्या वाजवल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईने रिकाम्या वाचनालयात टाळ्या वाजवल्या.

शंभर व्हायला अडीच वाजले. मग कॅबिनेट उघडायचं. आत बोटभर धूळ. मी आधी लोखंडाला हात लावून घेतला, दुकानदाराने तसं लिहिलं होतं, अंगातली वीज उतरते म्हणून. जुनी डिस्क सोडवली, पण नवीला केबल लावायची खाच मला दिसेना. दुरून बघावं तर अंधुक, जवळून बघावं तर चष्म्याच्या खालच्या काचेतून सगळं हलतं. मोबाईलचा उजेड पाडला तर माझ्याच हाताची सावली. दहा मिनिटं झटापट झाल्यावर ती म्हणाली, "सरका जरा." तिने आत हात घातला, एका हाताने डिस्कची कड चाचपली, दुसऱ्याने केबलचं टोक फिरवून बघितलं. "एका बाजूला कोपरा आहे ह्याला. एकाच बाजूने जाणार. हं." टक् आवाज आला. मग दुसरी केबल, परत टक्. अर्धं मिनिट लागलं नसेल. "उगाच उजेडबिजेड करत बसलात," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. काळा पडदा, आणि त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ. बाई गप्प.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"काही नाही, थांब जरा," असं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. जसं लिहिलं होतं तसं वाचलं: चालू करायला डिस्क सापडत नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग दुकानदाराने काय लिहिलंय?"

बिलाच्या मागे लिहिलं होतं, की असं झालं तर एक बटण दाबत राहायचं, एक निळी यादी येते, त्यात नवी डिस्क सगळ्यात वर आणायची. मी आणली. परत चालू केला. आणि सर, मी खुर्ची ओढून बसेपर्यंत ती बया बोलली! खणखणीत, नाकात, एका दमात. नवरीबाई तर दचकून "अगोबाई!" म्हणून मागेच सरली आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की खालचा बेकरीवाला वर बघायला आला. तेव्हाच मी ते पाच वेळा मोजलं. कॅबिनेटला कान लावला तर पंख्याची नुसती झुळूक, बाकी शांत. तुमच्या कानांना ते आवडलं असतं का, कोण जाणे. "जिवंत आहे ना नक्की?" असं विचारलं असतंत. पहिली फाईल उघडून बघायची म्हणून मी बाटली मसाल्याची उघडली. बायको सांगेल तेवढी हळद जागेवर होती. सगळं जागेवर होतं. मी लगेच वसईला फोन लावला, आंटी आता तिथे मुलीकडे असतात, आणि त्यांना ते ऐकवलं. "अजून सांगणार नाही मी," त्या म्हणाल्या.

सोमवारी सेक्रेटरी भंगारवाल्याला घेऊन वर आले, तेव्हा हातोडा चालू होता. इतका आवाज, की दोघेही दारातच थांबले. मी ताजी निघालेली पत्रिका सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, त्यांना नुसते ठिपके दिसले. ती रजा टाकून आली होतीच; तिने त्यांच्या हातातून पत्रिका घेतली आणि बोटं फिरवत मोठ्याने वाचली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून थेट आहेर आणू नये इथपर्यंत. स्वतःचं नाव आलं तिथे तिचं बोट थांबलं, मागे गेलं, परत एकदा त्यावरून फिरलं. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि भंगारवाल्याला म्हणाले, "तू पंखे घेऊन जा ते जुने." मग मला म्हणाले, "लॅपटॉप आणू, पण तो हिशोबाला. हे राहू दे."

लग्न दादरला झालं. हॉलमध्ये एका कोपऱ्यात तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या, सगळ्यांच्या मांडीवर पत्रिका, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत कोणीही ती सोडली नाही. एकीने मला सांगितलं, तिने ती पत्रिका शेजाऱ्यांना स्वतः वाचून दाखवली. शेजारणीला सांगितलं म्हणे, "अहो, कागद भारी आहे हं."

आता जे सांगायचं ते सांगते. पत्रिका छापून झाल्यावर साठच्या साठ तपासायच्या होत्या. अर्ध्या तिने घेतल्या, अर्ध्या मी. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताई, तुम्ही वाचताय का नुसत्या बसलाय?" म्हटलं, वाचतेय. "मग कागदावरून बोटांचा आवाज का नाही येत?" मी पकडली गेले, सर. सत्तावीस वर्षं मी ब्रेल डोळ्यांनीच वाचत आले, कागद तिरका धरून, ठिपक्यांच्या सावल्या बघून. तुम्ही आम्हा डोळसांना बोटांनी वाचायला शिकवत होता, डोळ्यांना रुमाल बांधून. वर्षाच्या शेवटी परीक्षा घेतलीत. "रुमाल बांधलास?" तुम्ही विचारलंत. "हो सर," मी म्हटलं आणि रुमाल माझ्या मांडीवर होता. मधूनमधून मुद्दाम अडखळलेसुद्धा. तुम्ही खूश होऊन मला तुमची स्वतःची, कागदावर ठिपके टोचायची ब्रेलची लेखणी बक्षीस दिलीत, लाकडी मुठीची, तुमच्या तळव्याने गुळगुळीत झालेली. ती माझ्या कपाटात आहे. मी ती कधी वापरली नाही, लाज वाटायची.

हे सगळं तिला सांगितलं. ती हसतच सुटली. "आणि सरांना कळलं नसेल असं तुम्हाला वाटतं? सरांना? मग त्यांनी लेखणी का दिली, ते तुम्हाला कळलं नाही वाटतं. ती काय वाचायला असते? लिहायला असते. लिहिताना तरी बोटं चालवावी लागतील, म्हणून." खरंच तसं होतं का, ते तुम्हालाच माहीत.

आता दर शनिवारी ती ऑफिस सुटल्यावर येते आणि मला शिकवते. फार कडक आहे. रुमाल ती स्वतः बांधते आणि गाठ ओढून बघते. हे पत्र मी साध्या कागदावर पेनाने लिहिलंय, कारण ब्रेलमध्ये लिहायला अजून सहा महिने तरी लागतील, आणि लिहिलं तरी टाकणार कुठे? टेबलाच्या खणात राहील. काल तिच्या नवऱ्याचा फोन आला म्हणून ती जिन्याकडे गेली होती, तेव्हा मी एकटीने बोटांनी एक अख्खी ओळ लावली, पहिल्यांदाच. फक्त शेवटचा शब्द काही केल्या लागेना, सर, म्हणून रुमाल थोडासा वर केला.